नाट्यगृहातल्या आणि कनातीतल्या संध्याकाळी

माझे बालपण साताऱ्यात गेले, पण संध्याकाळी म्हणून ज्या आठवतात त्या सगळ्या सांगलीच्या आहेत. आजोळ सांगलीचे. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी लागली की लाल एसटीने कऱ्हाड, इस्लामपूर करीत आम्ही भावंडे आईबरोबर मामांकडे जात असू. सोबत आजीसाठी कंदी पेढ्यांचा पुडा. परत येताना त्याच पिशवीतून भडंग. या देवघेवीत कधी खंड पडला नाही.

मामा गणपती पेठेतल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभर हळद-गुळाच्या पट्ट्या लिहायच्या आणि संध्याकाळी सहा वाजता हातपाय धुऊन, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून विष्णुदास भावे नाट्यमंदिराकडे चालू लागायचे, हा त्यांचा शिरस्ता. बाहेरगावची नाटके आणणाऱ्या कंत्राटदाराच्या वतीने ते दारावर तिकिटे फाडीत. पगार असा नव्हता. खेळ फुकट पाहायला मिळे आणि मध्यंतरात चहा. एवढ्यावर त्यांनी वीसेक वर्षे इमानेइतबारे दार सांभाळले. तिसरी घंटा झाली, आतले दिवे गेले की ते हळूच आम्हां भाच्यांना आत सोडीत. "भिंतीला टेकून उभं राहायचं. खुर्ची रिकामी दिसली तरी बसायचं नाही. ती विकलेली नसली तरी आपली नाही," असे ते बजावीत. त्यामुळे 1968-69 पासून पुढची पाच-सहा वर्षे मी जे काही पाहिले ते उभ्याने पाहिले. अजूनही नाटक चांगले रंगले की माझे पाय दुखल्यासारखे होतात.

आज कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही, पण त्या एका रंगमंचावर काय काय चालत असे! आज संगीत नाटक, तर उद्या जादूचे प्रयोग. परवा कुठल्याशा ऑर्केस्ट्रात तोच गायक पुरुषाच्या आणि बाईच्या अशा दोन्ही आवाजांत गाऊन टाळ्या घेत असे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांचे कथाकथन म्हणजे तर सांगलीकरांना घरचे कार्य. माडगूळकर तर आमच्याच जिल्ह्यातले, माणदेशातल्या माडगूळचे. नुसता माणूस उभा राहून बोलतो, ना पडदा, ना रंग, ना पेटी, आणि सातशे माणसे डोळे पुसत हसतात, हे मी तिथे प्रथम पाहिले. पुढे चार कादंबऱ्या लिहिल्या त्याचे मूळ कुठे असेल तर ते त्या भिंतीला टेकून उभे राहण्यात असावे. रामदास पाध्यांचे अर्धवटराव मामींना बाहुला वाटतच नसत. "त्याला थंडी वाजत असेल हो त्या पेटीत," असे त्या घरी येईपर्यंत म्हणत होत्या.

आणि दादा कोंडके. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आले 1965 साली. ते सांगलीला आले की मामांच्या दारावर सकाळपासून ओळखी निघत. कोण कुठला लांबचा व्याही, कोण दुकानातला हमाल, कोण पोस्टातला. 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागल्यावरही माणसे हलत नसत. आतून हशा आला की बाहेरचेही हसत, विनोद ऐकू आलेला नसला तरी. मध्यंतरात बटाटेवड्याच्या घाण्याभोवती ही झुंबड. गजरे, अत्तर, वड्याचा वास आणि बिडीचा धूर यांचे जे मिश्रण त्या आवारात तयार होत असे ते मला आजही नाकाने ओळखता येईल.

सांगलीला 'नाट्यपंढरी' म्हणतात. दर 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनी इथे विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते आणि त्याचे पहिले मानकरी बालगंधर्व, हेही सांगलीकर पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. 1843 साली याच गावात अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. कानडी मुलुखातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून आप्पासाहेबांच्या मनात आले की असे आपल्या भाषेत व्हावे. 1851 मध्ये आप्पासाहेब वारले, राजाश्रय आटला, तेव्हा भाव्यांनी आपला ताफा घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली. मराठी नाटक तिकीट लावून धंद्याला लागले ते पोटासाठी, हे मला बँकेत गेल्यावर जास्त उमगले. गोविंद बल्लाळ देवल सांगलीला खेटून असलेल्या हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच. मास्टर दीनानाथांचा संसारही काही वर्षे इथेच होता. अशा गावात नाटक पाहणे हा षोक नव्हता, कुळाचार होता.

पण हे भाव्यांचे पहिले नाटक होते तरी कसे? पुढे सूत्रधार उभा, मागे झांज-मृदंगाची साथ. मग विदूषक येऊन त्याच्याशी थट्टा करणार. मग गणपती नाचत येणार, सरस्वती येणार, आशीर्वाद देऊन जाणार आणि त्यानंतर खरे आख्यान सुरू. राक्षस आले की 'अललल डुर्र' अशा आरोळ्या. आता जरा तमाशा आठवा. आधी गण, म्हणजे गणपतीचीच विनवणी. मग गवळण, तिच्यात पेंद्या आणि मावशी. मग सोंगाड्याची बतावणी आणि शेवटी वग. पुराणिकांना पटो न पटो, मला ही दोन सख्खी भावंडे वाटतात. एकाला शहरात छप्पर मिळाले, दुसरे गावाबाहेरच्या माळावर राहिले. पुण्यात तमाशाला आर्यभूषण होते, मुंबईत लालबागला हनुमान थिएटर होते. आमच्याकडे माझ्या पाहण्यात तमाशा होता तो कनातीतला.

आणि कनातीत आम्हांला मज्जाव होता. साताऱ्यात माझे वडील कोर्टात कारकून. संगीत नाटकांवर जीव, नाट्यपदे गुणगुणत फायली लावणारा माणूस. पण 'तमाशा' हा शब्द घरात उच्चारायचा नाही. गंमत अशी की पठ्ठे बापूराव हे नाव मात्र ते आदराने घेत. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मणाचा मुलगा, घरदार सोडून फडात गेला, पवळेबरोबर उभा राहिला आणि लावणीत अजोड झाला. 1945 साली पुण्यात अगदी विपन्नावस्थेत गेला. वडील सांगत ते यातले पहिले आणि शेवटचे वाक्य, मधले गाळून. जणू लावणी कुठल्या फडावाचूनच लिहिली गेली होती!

मी पहिला तमाशा पाहिला तो पुसेगावला, सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, कॉलेजात असताना. मार्गशीर्षातली कडाक्याची थंडी. बैलबाजाराच्या पलीकडे कनाती उभ्या, प्रत्येकीच्या दाराशी उंच माचावर फडातली दोन-चार माणसे उभी राहून ढोलकी-हलगीवर गर्दी खेचताहेत. तिकीट काढून आत गेलो तर खुर्च्या नाहीत, जमिनीवर पोती आणि घोंगड्या. कोणी आपली चप्पल उशाला घेऊन आडवाच झालेला. भावे नाट्यमंदिरात तिसरी घंटा झाली की खोकलासुद्धा दाबायचा, इथे प्रेक्षक सोंगाड्याला उत्तरे देत होते आणि सोंगाड्या त्या उत्तरांतून नवा विनोद काढीत होता. झीलकऱ्यांनी सूर लांबवला, ढोलकीवाल्याने तोडा घेतला आणि माझ्या शेजारच्या धनगराने, त्याला माझे नाव माहीत नव्हते, मला पाठीवर अशी थाप मारली की जणू तो तोडा आम्ही दोघांनी मिळून वाजवला होता. वग संपला तेव्हा तांबडे फुटले होते.

पुढे बँकेत लागल्यावर कवलापूरकरांचा फड पाहिला. सांगलीहून तासगावकडे जाताना लागणारे कवलापूर. तिथले शिवा-संभा, आणि संभाचे जुळे मुलगे लहू आणि अंकुश खाडे. महाराष्ट्र त्यांना काळू-बाळू म्हणून ओळखतो. 'जहरी प्याला' या वगातल्या दोन हवालदारांची ही नावे, पण ती अंगाला अशी चिकटली की मूळ नावे मागे पडली. दोघे सारखे दिसत, सारखे चालत, एकाचे वाक्य अर्ध्यावर तुटले की दुसऱ्याच्या तोंडून पूर्ण होई. शब्दांचा असा झेल मी मोठमोठ्या नटांतही क्वचित पाहिला. खाकी कपड्यातल्या त्या दोन भित्र्या, भाबड्या पोलिसांना हसताना समोरचा शेतकरी कोणाला हसत होता हे सांगायला नको. दोघेही आज नाहीत.

मामींची फार इच्छा होती काळू-बाळूंना पाहायची. पण त्या काळी आमच्याकडच्या घरातल्या बायकांनी कनातीत जायचे नसे. मामा, ज्यांनी शेकडो अनोळखी माणसांना दारातून आत सोडले, ते याबाबतीत बधले नाहीत. पुढे वगांच्या कॅसेटी निघाल्या. मी पहिल्या बोनसमधून मामींना टेपरेकॉर्डर घेऊन दिला. दुपारी मामा दुकानात गेले की स्वयंपाकघरात कॅसेट लागे. शेजारच्या दोघीतिघी निवडायचे सूप घेऊन येत. तमाशातला फाजील शब्द आला की एक जण मुद्दाम नळ सोडी. मामी म्हणत, "नाट्यमंदिरात बायका रडायला जातात. हसायला आम्हांला हे बरं."

माझी खरी ओळख तमाशाशी झाली ती मात्र टेबलाच्या पलीकडून. 1986 साली तासगाव तालुक्यातल्या एका शाखेत मी अधिकारी होतो. तो द्राक्षांचा काळ होता. 'तास-ए-गणेश'चे मळे फुलत होते आणि आम्ही मांडवासाठी, खतासाठी, औषधासाठी कर्जे देत होतो. एके दिवशी धोतर-फेट्यातला, साठीकडे झुकलेला एक गृहस्थ आला. हातात कापडी पिशवी. आसपासच्या एका गावातला फडमालक. नाव इथे देत नाही. त्याला मालमोटार घ्यायची होती, जुनीच, पण चालती. शिवाय नवी कनात, जनरेटर आणि कलावंतांना द्यायची उचल.

उचल म्हणजे काय ते त्याने मला समजावून सांगितले. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो वैशाखातल्या पौर्णिमेपर्यंत फिरतो. पावसाळ्याचे चार महिने कोणालाच काम नसते. त्या चार महिन्यांत ढोलकीवाल्याच्या घरी लग्न निघते, नाचणारीच्या आईचे आजारपण निघते. मग मालकाकडून आगाऊ रक्कम घ्यायची आणि हंगामभर फेडायची. जो मालक उचल देणार नाही त्याच्याकडे चांगला कलावंत टिकत नाही. मालक कुठून देणार? सावकाराकडून. दरमहा शेकडा पाचने, आणि वर यात्रेतल्या चार मोठ्या रात्रींचा गल्ला सावकाराच्या माणसाने परस्पर मोजून न्यायचा. वर्षाला शेकडा साठ. आमच्या पासबुकावर तेव्हा बारा-साडेबाराचे आकडे छापलेले असत.

त्याने पिशवीतून वह्या काढल्या. लाल बासनातल्या, मोडी वळणाच्या देवनागरीत लिहिलेल्या. कुठल्या गावी सुपारी किती, तिकीट किती, पाऊस पडला म्हणून खेळ मोडला तो कुठे, हे पंधरा वर्षांचे तारीखवार. मी अनेक साखर कारखान्यांचे आणि सोसायट्यांचे ताळेबंद पाहिले आहेत. इतका सरळ हिशेब फार थोड्या ठिकाणी पाहिला. मी दोन रात्री बसून प्रस्ताव तयार केला. हंगामातले खेळ, सरासरी उत्पन्न, खर्च, हप्ता. सगळे जुळत होते. दर दोन-तीन वर्षांनी एखादे वर्ष बुडीत जाई, पण द्राक्षबागेचेही तसेच असते. एक अवकाळी पाऊस आला की संपले.

वरिष्ठ कार्यालयाकडून कागद परत आला. मालमोटारीचे कर्ज मंजूर, वाहन नजरगहाण ठेवून, दोन जामीनदारांसह. बाकी नामंजूर. शेरा असा : 'व्यवसाय हंगामी व अनिश्चित स्वरूपाचा असून तारण उपलब्ध नाही.' मी उलट लिहिले की ऊसही हंगामी आहे. हरिपुरात जमिनीखालच्या पेवात कोणाला न दिसणारी हळद पडून असते, तिच्यावर आपण तारणकर्ज देतो, मग पंधरा वर्षे रोज रात्री हजार माणसांनी पैसे देऊन पाहिलेली गोष्ट तारण का होऊ नये? या पत्राला उत्तर आले नाही. पुढच्या तपासणीत मात्र 'अधिकाऱ्याने भावनात्मक भाषा टाळावी' अशी नोंद झाली. ती अजून माझ्याकडे आहे. कादंबरीकार म्हणून मिळालेली ती पहिली समीक्षा.

फडमालकाला हे सांगितले तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, "साहेब, मोटार तर दिली न्हवं? मग झालं. आजपतूर आम्हांस्नी कुणी कागुदसुदिक दिला न्हाई." त्याने मोटार घेतली. उचलीसाठी पुन्हा सावकाराची पायरी चढला.

वाचकांपैकी काहींना वाटेल की एका फडाचे एवढे काय? पण हा हिशेब एका फडाचा नव्हता. विठाबाई नारायणगावकर या राष्ट्रपतिपदकाच्या मानकरी. प्रयोग चालू असता पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्याची त्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे आणि आपण ती कौतुकाने सांगतो. तो खेळ मोडला असता तर त्या रात्रीचा गल्ला परत करावा लागला असता, याचा विचार ती सांगताना आपण करीत नाही. त्यांचाही शेवटचा काळ हालाखीतच गेला. 2002 मध्ये त्या गेल्या. 2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते. पुरस्कार चांगलाच, पण उचलीच्या मोसमात शेकडा बाराने कर्ज मिळाले असते तर अनेकांचे म्हातारपण निराळे झाले असते, असे मला बँकवाला म्हणून वाटते. नाट्यमंदिरांना देणग्या मिळाल्या, अनुदाने मिळाली, आणि मिळायलाच हवी होती. 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, भावे नाट्यमंदिरही त्यातून सुटले नाही, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला हळहळ वाटली. मलाही वाटली. त्यानंतरच्या वर्षी टाळेबंदी आली आणि ओळीने यात्रांचे हंगाम बुडाले. कनाती घड्या घालून गोठ्यांत पडल्या, उंदरांनी कुरतडल्या. त्याची हळहळ मी फारशी ऐकली नाही.

तर आमचे ते कर्ज. मोटारीचे हप्ते हंगामात महिन्याच्या महिन्याला येत. पावसाळ्यात थकत, दिवाळीनंतर व्याजासकट भरले जात. व्हिडिओ आले होते. यात्रेत एका बाजूला ढोलकी आणि दुसऱ्या बाजूला ताडपत्रीखाली रंगीत टीव्हीवर रात्रभर तीन सिनेमे, तेही तमाशाच्या निम्म्या तिकिटात. तिसऱ्या हंगामात त्याच्या फडातला सोंगाड्या दुसरीकडे गेला, कारण तिथे उचल जास्त होती. चौथ्या वर्षी फड दसऱ्याला बाहेर पडला नाही. सावकाराने कनात नेली. मोटार आमच्याकडे गहाण होती म्हणून तेवढी राहिली. ती तो ऊस वाहायला लावी. तेव्हा माझी बदली व्हायची होती. थोडेच दिवस उरले होते.

मार्च अखेरीला तो शेवटचा हप्ता घेऊन आला. तीच कापडी पिशवी. आमचा कॅशियर करड्या शिस्तीचा, वारकरी माणूस. गळ्यात माळ, तमाशाचे नाव काढले तर कानावर हात ठेवणारा. पिशवी काउंटरवर ओतली तर त्यातून निम्मी नाणी. चार आणे, आठ आणे, रुपया, आणि घामाने मऊ झालेल्या एक-दोनच्या नोटा. जुन्या हंगामांतला गेटचा गल्ला, घरी मडक्यात ठेवलेला. 'अडीअडचणीला' म्हणून त्याच्या बायकोने सावकाराच्या माणसापासून लपवलेला. मार्चअखेरची गर्दी, मागे रांग. मला वाटले आता कॅशियर आवाज चढवणार. त्याने चष्मा पुसला, नाण्यांच्या ढिगाऱ्या लावल्या आणि एक एक मोजू लागला. पाऊण तास लागला. बरोबर भरले. पावतीवर शिक्का मारून देताना त्याने खाली मान घालूनच विचारले,

"तुमच्या फडात 'जहरी प्याला' व्हायचा का हो?"

"न्हाई जी. त्यो कवलापूरकरांचा. आमचा निराळा वग व्हता."

"मी लहानपणी पाहिलाय एकदा. आळंदीला जातो सांगून गेलो होतो," कॅशियर म्हणाला आणि शिपायाला तीन चहा सांगितले.